ओसीडी घराण्यातून येतो का, या प्रश्नाविषयी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मानसिक आरोग्याविषयी आपल्या दैनिकात लेखन प्रसिद्ध होते आणि त्यावर वाचकांची पत्रेही येतात. ओसीडी, म्हणजे आपल्याकडे ज्याला मंत्रचळ म्हणतात त्या आजाराचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास विचारला जातो : हा आजार घराण्यातून येतो का? त्याची दोन उत्तरे मी आयुष्यभर ऐकत आले आहे. एक उत्तर “रक्तातच आहे, त्याला कोण काय करणार” असे म्हणून हात टेकते. दुसरे उत्तर “लहानपणी आईने फार धाक घातला, त्याचे हे फळ” असे म्हणून सगळा दोष घरातल्या एका बाईच्या माथी मारते. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि माझ्या माहेरी हा आजार दोन पिढ्यांत आहे. जुळ्या भावंडांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून झालेल्या संशोधनाने या प्रश्नाचे बरेच नेमके उत्तर दिले आहे आणि ते वरच्या दोन्ही समजुती खोट्या ठरवणारे आहे. ते मराठी वाचकांपर्यंत पोहोचणे मला फार गरजेचे वाटते, म्हणून हे काहीसे दीर्घ पत्र लिहीत आहे.

आधी आजाराविषयी थोडेसे. नको असलेला विचार, शंका किंवा एखादे चित्र मनात पुन्हा पुन्हा येत राहणे आणि त्यामुळे होणारी घालमेल शमवण्यासाठी एखादी कृती पुन्हा पुन्हा करावी लागणे, अशी या आजाराची दोन अंगे आहेत. हात धुणे, कडी-कुलूप तपासणे, गॅसचे बटण बंद आहे ना हे पाहणे, पायऱ्या मोजणे, ठरावीक वाक्य मनात ठरावीक वेळा म्हणणे हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले प्रकार आहेत. पण देवाविषयी मनात येणारे अभद्र विचार किंवा आपल्या हातून आपल्याच तान्ह्या बाळाला इजा होईल ही भीती हे प्रकार त्याहून अधिक यातना देणारे आहेत आणि लाजेपोटी ते वर्षानुवर्षे लपवले जातात. सोवळे पाळणाऱ्या आजीला किंवा टापटिपीची आवड असणाऱ्या माणसाला हा आजार आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. हे विचार आणि कृती रोज तासाहून अधिक वेळ खाऊ लागल्या, त्यांचा त्रास होऊ लागला, अभ्यास, नोकरी किंवा संसार त्यांपायी अडू लागला, की डॉक्टर त्याला आजार मानतात. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांमधील त्याचे प्रमाण शंभरात एकाच्या किंचित खाली आढळले होते. तेवढ्या हिशेबानेही महाराष्ट्रात रुग्णांची संख्या काही लाखांच्या घरात जाते.

आता मूळ प्रश्नाकडे येते. एखादा आजार एकाच घरात अनेकांना दिसतो म्हणून तो आनुवंशिक ठरत नाही, कारण घरातली माणसे जनुकांबरोबर स्वयंपाकघर, सवयी, भीती आणि श्रद्धाही वाटून घेत असतात. हा गुंता सोडवण्यासाठी संशोधक जुळ्यांकडे वळतात. एकाच फलित अंड्यापासून झालेल्या, हुबेहूब दिसणाऱ्या जुळ्यांची जनुके जवळजवळ सर्वच्या सर्व सारखी असतात; दोन वेगळ्या अंड्यांपासून झालेल्या जुळ्यांची, इतर कोणत्याही सख्ख्या भावंडांप्रमाणे, सरासरी निम्मी. दोन्ही प्रकारची जुळी एकाच वेळी, एकाच घरात वाढतात. तेव्हा हुबेहूब जुळ्यांमध्ये एखाद्या लक्षणाचे साम्य दुसऱ्या प्रकारच्या जुळ्यांपेक्षा जितके जास्त, तितका जनुकांचा वाटा मोठा, असे साधारण गणित मांडता येते.

या कामात नेदरलँड्सचे नाव पुढे आहे. अॅमस्टरडॅमच्या व्ह्राये विद्यापीठात डोरेट बूम्स्मा यांनी १९८७ मध्ये जुळ्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. जन्मापासून नोंदल्या गेलेल्या जुळ्यांच्या आई-वडिलांना आणि पुढे त्या जुळ्यांनाच दर काही वर्षांनी प्रश्नावल्या पाठवल्या जातात. मूल सात, दहा आणि बारा वर्षांचे असताना आईने भरलेल्या उत्तरांतून लहानपणीची लक्षणे कळतात. तीच मुले मोठी झाली की स्वतःविषयी स्वतः लिहितात. या आणि अशा अन्य अभ्यासांचा आढावा डॅनिएल व्हान ग्रूथेस्ट आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये घेतला. त्यात लहान मुलांमधील लक्षणांच्या बाबतीत जनुकांचा वाटा ४५ ते ६५ टक्के आणि प्रौढांमध्ये २७ ते ४७ टक्के असा निघाला. स्वीडनमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ओसीडीचे निदान झालेल्या २४ हजारांहून अधिक व्यक्तींच्या नातेवाइकांचा माग राष्ट्रीय नोंदींतून काढला गेला; तेथील जुळ्यांवरून जनुकांचा वाटा ४७ टक्के आला. नाते जितके जवळचे तितका धोका अधिक आणि नाते दूरचे होत जाईल तसा तो कमी, हेही त्याच पाहणीत स्पष्ट दिसले.

या टक्केवारीचा अर्थ लावताना आपली सर्वांत मोठी गफलत होते आणि त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. ‘४७ टक्के आनुवंशिक’ याचा अर्थ एखाद्या मुलीच्या आजाराचा निम्मा भाग बापाकडून आला आणि निम्मा परिस्थितीने दिला, असा होत नाही. एका विशिष्ट समाजात, विशिष्ट काळात, माणसामाणसांत या लक्षणांची जी कमी-अधिक तफावत दिसते, त्या तफावतीचा किती भाग त्यांच्या जनुकांतल्या फरकांशी जोडता येतो, एवढेच तो आकडा सांगतो. तो लोकसंख्येचा आकडा आहे. एका माणसावर तो लावताच येत नाही. शिवाय आनुवंशिकतेचा वाटा मोठा म्हणजे बदलाला जागा नाही, हेही खरे नाही. त्याच नेदरलँड्समध्ये उंचीची आनुवंशिकता ८० टक्क्यांच्या आसपास मानली जाते, तरीही गेल्या दीड शतकात डच पुरुषांची सरासरी उंची सुमारे २० सेंटीमीटरने वाढली. एवढ्या अवधीत जनुके इतकी बदलत नाहीत; या वाढीत अन्न, स्वच्छता आणि आरोग्यसेवा यांचा मोठा वाटा आहे. वर्गात हा मुद्दा शिकवताना मला जाणवायचे की मुलांना आनुवंशिकतेचे नियम दाखवणारे मेंडेलचे वाटाणे चटकन समजतात, पण लोकसंख्येतील तफावत ही कल्पना पचायला वेळ लागतो. वर्तमानपत्राच्या मथळ्यात ती तर मुळीच मावत नाही.

‘जनुके किती आणि परिस्थिती किती’ याच्या पुढचा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. लक्षणे काही वर्षांनी पुन्हा मोजली, तर जे टिकून राहिले ते कशामुळे टिकले आणि जे बदलले ते कशामुळे बदलले? एकदाच केलेल्या पाहणीतून याचे उत्तर मिळत नाही, त्यासाठी तीच माणसे पुन्हा पुन्हा गाठावी लागतात. डच नोंदवहीने लहान मुलांच्या आणि पुढे प्रौढांच्याही बाबतीत हे केले. ब्रिटनमध्ये जॉर्जिना क्रेब्स आणि सहकाऱ्यांनी जुळ्यांची चार, सात, नऊ आणि सोळा या वयांतील माहिती तपासून २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. या सर्वांचा सूर बराच जुळतो. लक्षणांमध्ये मध्यम स्वरूपाचे सातत्य असते. म्हणजे सातव्या वर्षी ज्या मुलात ती अधिक दिसली त्याच्यात पुढेही अधिक दिसण्याचा कल असतो, पण तो कल अटळ नसतो. जे सातत्य असते त्यामागे जनुकांचा हात मोठा असतो. प्रत्येकाच्या वाट्याला स्वतंत्रपणे येणाऱ्या परिस्थितीचा परिणाम मात्र बहुतांशी त्या-त्या वयापुरता असतो. एका टप्प्यावर जे घडले त्याचा ठसा पुढच्या टप्प्यावर पुष्कळसा पुसट होतो आणि नव्या घटना नवा परिणाम करतात.

यात आणखी एक बारकावा आहे. जनुकांचा परिणाम म्हणजे जन्मतः कोरलेली एकच रेघ, असेही आढळलेले नाही. ब्रिटिश अभ्यासात सोळाव्या वर्षापर्यंत लहानपणीच्या काही आनुवंशिक प्रभावांचा जोर ओसरलेला आणि काही नवे प्रभाव पुढे आलेले दिसले. पौगंडावस्थेत शरीर, मेंदू आणि संप्रेरके बदलत असताना जनुकांचे कामही बदलते, हे लक्षात घेतले तर त्यात नवल नाही. म्हणून चार वर्षांचे मूल खेळण्यातल्या गाड्या एका ओळीत लावून बसते एवढ्यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही आणि लहानपणी काहीच नव्हते म्हणून सोळाव्या वर्षी दिसणाऱ्या त्रासाला ‘नाटक’ ठरवण्याचेही कारण नाही. मुलांमध्ये जनुकांचा वाटा मोठा आणि प्रौढांमध्ये लहान का निघतो, याची कारणे सांगताना सावध राहावे लागते. मुलांविषयी आई लिहिते आणि प्रौढ स्वतःविषयी लिहितात, एवढ्यानेही आकडे हलतात. तरीही वय वाढते तसे ज्याचे त्याचे अनुभव साठत जातात, हे कारण मला पटण्यासारखे वाटते.

हे ज्याचे त्याचे अनुभव म्हणजे नेमके काय? जन्माच्या वेळच्या अडचणी, मुदतीपूर्वी झालेला जन्म, काही जंतुसंसर्ग, लैंगिक अत्याचारासारखे आघात, गरोदरपण आणि बाळंतपणानंतरचा काळ, जबाबदारीचे अचानक आलेले ओझे अशा अनेक गोष्टींचा संबंध संशोधनात दिसला आहे, पण यांतील कोणतीही एक गोष्ट एकटी पुरेशी ठरत नाही. हुबेहूब जुळ्यांपैकी एकाला ओसीडी आणि दुसऱ्याला काहीच नाही, अशा जोड्या पुष्कळ आहेत. जनुके हाच शेवटचा शब्द असता तर त्या दिसल्याच नसत्या.

आता ज्या निष्कर्षामुळे मी हे पत्र लिहायला बसले त्याकडे येते. जुळ्यांचे अभ्यास परिस्थितीचे दोन भाग करतात : भावंडांना एकमेकांसारखे बनवणारी सामायिक परिस्थिती आणि त्यांना वेगळे करणारी वैयक्तिक परिस्थिती. घराची आर्थिक स्थिती, आई-वडिलांची शिस्त, घरातले सोवळे-ओवळे, धार्मिकता, टापटीप हे सारे पहिल्या भागात मोडू शकते. ओसीडीच्या बाबतीत हा पहिला भाग बहुतेक अभ्यासांत अगदी थोडा, आणि स्वीडनच्या पाहणीत तर जवळजवळ शून्य निघाला. एका घरात, एकाच आईच्या हाताखाली वाढल्यामुळे दोन भावंडांना हा आजार होतो, याला या आकड्यांत आधार मिळत नाही. ज्या आयांनी आयुष्यभर “माझेच काही चुकले असेल” असे म्हणत डोळे पुसले, त्यांना हे कुणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवे होते. माझ्या आईला ते कुणी सांगितले नाही. दादाला कॉलेजच्या वयात त्रास सुरू झाला तेव्हा नातेवाईक, शेजारी आणि एक डॉक्टरसुद्धा तिलाच विचारत राहिले की लहानपणी त्याला मारहाण होत असे का.

पण याच निष्कर्षावरून घरातल्यांच्या वागण्याने काहीच फरक पडत नाही असे कुणी म्हणू लागले तर तेही चूक ठरेल. आजार सुरू होण्याची कारणे आणि तो टिकून राहण्याची कारणे वेगळी असू शकतात. दादा रात्री दाराची कडी लावायचा, तर्जनीने ती वर दाबून पाहायचा, अंथरुणावर पडायचा आणि पुन्हा उठायचा. शेवटी आई अंथरुणातूनच सांगायची, “लागली रे कडी, मी पाहिली.” तो निजायचा. काही दिवसांनी एकदा सांगून भागेनासे झाले. मग तिने उठून, दिवा लावून, त्याच्यासमोर कडीला हात लावून सांगायचे, असा नेम पडला. पुढे अनेक वर्षांनी त्याच्या मुलीच्या, म्हणजे माझ्या भाचीच्या बाबतीत हेच मी वेगळ्या रूपात पाहिले. तिला कडीचे काही नव्हते, तिची भीती जंतूंची. नळ कोपराने उघडायचा, साबण लावायचा, धुवायचे, पुन्हा साबण. बोटांच्या पेरांवरची कातडी पांढरी पडून सोललेली असायची. वहिनीने बेसिनपाशी उभे राहून “झाले स्वच्छ” म्हणायचे, तेव्हाच नळ बंद व्हायचा. आणि वहिनीच्या आवाजात किंचित जरी घाई जाणवली तरी सगळे पहिल्यापासून.

यात आईचे प्रेम होते, वहिनीचेही होते. मूल कासावीस झालेले कुणाला पाहवते? पण मानसोपचाराच्या क्षेत्रात १९९० च्या दशकापासून हे बारकाईने अभ्यासले गेले आहे की घरातल्यांनी असे धीराचे शब्द पुन्हा पुन्हा देणे, रुग्णाच्या वतीने तपासणे, त्याच्या भीतीनुसार घराचे नियम बदलणे यांमुळे घालमेल त्या क्षणी शमते आणि आजार मात्र पक्का होत जातो. शंका आली, उत्तर मिळाले, बरे वाटले. मेंदू एवढेच शिकतो की उत्तर मिळवल्याखेरीज बरे वाटत नाही. पुढच्या वेळी शंका अधिक जोराने येते. घरातले हे वागणे त्या एका मुलापुरते असते, त्याच्या भावंडापुरते नसते. म्हणूनच सामायिक परिस्थितीचा आकडा शून्याजवळ असूनही घराचे महत्त्व उरते, यात विसंगती नाही. जनुकांनी मुलाला भित्रे किंवा संशयी बनवले, त्या स्वभावाने आईकडून एक प्रकारचा प्रतिसाद ओढून घेतला आणि त्या प्रतिसादाने लक्षण घट्ट केले, अशी ही साखळी असते. तिच्यात जनुके कुठे संपली आणि परिस्थिती कुठे सुरू झाली हे दाखवणारी रेघ ओढता येत नाही, आणि ती ओढण्याची गरजही नाही. साखळीची जी कडी आपल्या हातात आहे ती सोडवणे पुरेसे असते. अमेरिकेतील येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी तर केवळ पालकांशी काम करणारी उपचारपद्धती विकसित केली आहे. मूल स्वतः डॉक्टरांकडे यायला तयार नसले तरी पालकांनी आपला प्रतिसाद हळूहळू, मायेने आणि ठामपणे बदलायचा, हे तिचे सूत्र. भाचीच्या समुपदेशकांनी वहिनीला जे शिकवले तेही याच धर्तीचे होते. “स्वच्छ झाले का?” या प्रश्नाला “तुला भीती वाटतेय हे मला दिसतेय, पण याचे उत्तर मी देणार नाही आणि तुला हे जमेल” एवढेच म्हणायचे. पहिले काही आठवडे घरात रडारड झाली. वहिनी मागच्या दारी जाऊन रडायची. पण नळ बंद होण्याची वेळ अलीकडे अलीकडे येत गेली.

बापाला कडीची शंका आणि मुलीला जंतूंची भीती, हा फरक पाहून आमच्या घरात अनेकांना वाटले की हे दोन वेगळे आजार आहेत. तसे नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून असे दिसते की तपासणे, धुणे, नको ते विचार या निरनिराळ्या प्रकारांमागे आनुवंशिक प्रभावांचा काही भाग सामाईक असतो आणि काही त्या-त्या प्रकारापुरता. भीती कशाची वाटावी हे पुष्कळदा काळ आणि समाज ठरवतो. करोनाच्या साथीत हात धुण्याची सूचना दिवसरात्र कानांवर पडत असताना या आजाराच्या अनेक रुग्णांचे काय झाले, हे ज्यांनी पाहिले ते जाणतात.

अलीकडे जनुकांचा थेट शोधही बराच पुढे गेला आहे. मे २०२५ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ५३ हजारांहून अधिक रुग्णांची तुलना २० लाखांहून अधिक निरोगी व्यक्तींशी करण्यात आली आणि जनुकसंचातील अशी ३० ठिकाणे सापडली, जिथल्या फरकांचा ओसीडीशी संबंध दिसतो. ही मोठीच मजल आहे. परंतु यांतील प्रत्येक फरकाचा परिणाम अगदी लहान आहे, असे फरक हजारोंच्या संख्येने असावेत असा अंदाज आहे आणि अभ्यासातील बहुसंख्य माणसे युरोपीय वंशाची होती. तेव्हा रक्त किंवा लाळ तपासून तुमच्या मुलाला ओसीडी होईल की नाही हे सांगणारी चाचणी आज अस्तित्वात नाही. कुणी ती विकत असेल तर पैसे घालवू नयेत.

लग्नाच्या बोलण्यांत मात्र अशा चाचणीचीही गरज पडत नाही. भाचीसाठी आलेल्या एका चांगल्या स्थळाने वडिलांच्या आजाराची कुणकुण लागताच निरोप पाठवणेही बंद केले. आजार लपवावा असे माझे म्हणणे नाही, उलट तो मोकळेपणाने सांगावा. पण सांगितल्यावर समोरच्याने घाबरण्याआधी हिशेब तरी नीट करावा. स्वीडनच्या पाहणीनुसार रुग्णाच्या आई-वडिलांना, सख्ख्या भावंडांना आणि मुलांना इतरांपेक्षा सुमारे पाचपट धोका असतो. पाचपट हा शब्द ऐकून छातीत धस्स होते. मात्र सर्वसाधारण माणसाला आयुष्यात कधीतरी ओसीडी होण्याचे प्रमाण शंभरात एक-दोन धरले, तर पाचपटीनंतरही शंभरांतील नव्वद किंवा त्याहून अधिक मुलांना तो होत नाही. मधुमेह आणि रक्तदाब यांचा घराण्यातला इतिहास विचारून कुणी स्थळ मोडत नाही, आणि त्यांतही जनुकांचा वाटा काही थोडा नसतो.

हा आजार झालाच तर पुढे काय होते, याविषयीही आपल्याकडे निराशा फार आहे. स्वीडनच्याच गॉथेनबर्गमध्ये १९४७ ते १९५३ या काळात रुग्णालयात दाखल झालेल्या ओसीडीच्या रुग्णांपैकी १४४ जणांची सुमारे ४० वर्षांनी पुन्हा तपासणी झाली. तो काळ आजची औषधे आणि आजची वर्तनोपचार पद्धती यांच्या आधीचा होता. तरीही ८३ टक्के रुग्णांमध्ये सुधारणा आढळली आणि जवळपास निम्मे रुग्ण बरे झालेले होते. त्यांतही २० टक्के पूर्णपणे. याच अभ्यासात लहान वयात सुरू झालेला आजार, विशेषतः पुरुषांमध्ये, अधिक चिवट ठरल्याचे दिसले. म्हणून वेळ दवडू नये. लंडनमध्ये व्हिक्टर मायर यांनी १९६६ मध्ये ज्या पद्धतीचा पाया घातला, ती भीतीला थोडे थोडे सामोरे जाऊन नेहमीची कृती न करण्याचा सराव देणारी पद्धत आज जगभर पहिल्या पसंतीची आहे. मेंदूतील सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी औषधे तिच्या जोडीला असतात. ती दहा-बारा आठवडे नेटाने घेतल्यावर त्यांचा खरा अंदाज येतो आणि नैराश्यात लागतात त्यापेक्षा जास्त मात्रेत ती अनेकदा द्यावी लागतात. पंधरा दिवसांत गुण नाही म्हणून ती सोडणारे रुग्ण मी पाहिले आहेत. औषध कोणते आणि किती, हे अर्थातच मानसोपचारतज्ज्ञांनी ठरवायचे.

अडचण ही आहे की औषध लिहून देणारे डॉक्टर जिल्ह्याच्या गावी भेटतात, पण भीतीला सामोरे जाण्याचा सराव शास्त्रशुद्ध रीतीने करवून घेणारे प्रशिक्षित समुपदेशक पुणे-मुंबईबाहेर शोधूनही सापडणे कठीण. आमच्या भाचीसाठी आम्हाला सांगलीहून पुण्याच्या खेपा घालाव्या लागल्या. ज्यांना एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी परवडत नाही त्यांनी काय करावे? ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ ने शासकीय सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिला आहे. या हक्काला अर्थ यायचा तर जिल्हा रुग्णालयांतील मानसशास्त्रज्ञांना या विशिष्ट पद्धतीचे प्रशिक्षण देण्याचा कार्यक्रम राज्याच्या आरोग्य विभागाने हाती घ्यावा. निम्हान्समध्ये ओसीडीसाठी स्वतंत्र क्लिनिक अनेक वर्षे चालते. अशा संस्थेकडून प्रशिक्षक मागवणे अशक्य नाही.

शाळांविषयीही एक विनंती आहे. एकच ओळ खोडून खोडून वहीचे पान फाटेपर्यंत लिहिणारे, पेपर येत असूनही पुन्हा पुन्हा वाचत बसल्याने तो अपुरा सोडणारे, मधल्या सुट्टीनंतर स्वच्छतागृहातून वेळेवर न परतणारे मूल शिक्षकांच्या नजरेस सर्वांत आधी पडते. त्याला आज बहुतेक ठिकाणी ‘मंद’ किंवा ‘आळशी’ असा शिक्का बसतो. शिक्षक प्रशिक्षणात अशा खुणांची ओळख अर्ध्या दिवसात करून देता येईल. आणि जुळ्यांच्या ज्या अभ्यासांचे आकडे मी वर दिले ते जवळजवळ सगळे युरोप-अमेरिकेतले आहेत. आनुवंशिकतेचा आकडा त्या-त्या समाजाचा असतो हे मान्य केले, तर एकत्र कुटुंबे, लहान घरे, शेजारपाजाराचा वावर आणि आपले सण-विधी यांच्यात वाढणाऱ्या मुलांमध्ये काळानुसार काय घडते, हे इथल्या मुलांचा पाठपुरावा केल्याशिवाय कळणार नाही. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी प्रसूतिगृहांच्या नोंदींपासून जुळ्यांची अशी नोंदवही सुरू केली, तर ती ओसीडीच काय, मधुमेहापासून दम्यापर्यंत अनेक आजारांना उपयोगी पडेल.

शेवटी आपल्या दैनिकाकडे दोन मागण्या. अमुक आजाराचे जनुक सापडले किंवा अमुक आजार इतके टक्के आनुवंशिक अशी बातमी देताना त्यातला आकडा लोकसंख्येविषयीचा आहे, एका कुटुंबाविषयीचा नाही, हे वाक्य बातमीतच असावे. आणि मानसिक आजारावरील प्रत्येक लेखाखाली जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागाचे वार व वेळ आणि फोनवरून मानसिक आरोग्याविषयी मदत करणाऱ्या केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक छापावा. तो चोवीस तास चालतो, त्यासाठी पैसे पडत नाहीत आणि तिथे मराठीत बोलता येते.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, सांगली
(भाचीच्या खासगीपणासाठी नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)